पिस्तुलाच्या माशीला चमकणारा रंग: साडेचारशे रुपयांत काय भेटते

बाबांचं जुनं वॉल्थर पीपी आता माझ्या लायसन्सवर आहे, .32 बोअर. काटोल रोडला संत्र्याची बाग आहे, रात्री तिकडून येणं होते म्हणून सोबत राहते. पिस्तूल मस्त आहे पण त्याची पुढची माशी, म्हणजे नेम धरायचा पुढचा दाणा, बाप्पा, तांदळाची कणी! दिवेलागणीनंतर शोधत बसा.

आधी मलेही ट्रिटियमचंच खूळ होतं. ग्लॉक पिस्तूलवाल्यांचे व्हिडिओ पाह्यले ना, त्यांच्या नाइट साइटला, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या माशीला, ना सेल लागत ना चार्जिंग, आत बारीक नळीत ट्रिटियम वायू राहते, त्याच्या किरणांनी नळीचा आतला लेप आपोआप चमकते, बारा-सव्वाबारा वर्षांत उजेड निम्म्यावर येते बस. पण पीपीची माशी स्लाइडमधूनच (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागातूनच) कोरलेली आहे, ती काढून दुसरी लावता येत नाही, लावायची म्हटलं तर स्लाइडच मिलिंग मशीनवर चढवा लागते. एक दुकानदार म्हणे, ठेवून जा भाऊ, पोट्टा ग्राइंडरनं खाच पाडून देते. हात जोडले न निघालो. अरे 1959 च्या आर्म्स ॲक्टच्या कलम 5 मध्ये दुरुस्तीलेही लायसन्स लागते, त्या पोट्ट्याजवळ काय ग्राइंडरचं बिल असन!

मंग ऑनलाइन रंग मागवला, हिरवा, स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटवाला (उजेड पिऊन मंग अंधारात चमकते तो), साडेचारशेची एवढीशी बाटली. मॅगझीन काढलं, चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) दोनदा पाह्यला, माशीचं तेल स्पिरिटनं पुसलं, खाली पांढऱ्या रंगाचा एक हात दिला (हे विसरू नका, काळ्या लोखंडावर डायरेक्ट लावला की हिरवा मरून जाते), वर टूथपिकनं दोन हात, वाळल्यावर बायकोची बिनरंगाची नेलपॉलिश. तिनं पाह्यलं तेव्हा काय बोलली ते इथं लिहित नाही.

रेंजवर संध्याकाळी अर्धे दिवे बंद करवून दहा मीटरवर मारून पाह्यलं. टॉर्चखाली अर्धा मिनिट धरलं की माशी अशी पेटते का विचारू नका, गोळ्या पहिल्यापेक्षा जवळजवळ पडल्या. मागच्या साइटलेही दोन ठिपके दिले होते, ते पुसून टाकले, तीन ठिपक्यांत नजर मागेच अटकत होती. मागची काळीच बरी.

आता रडगाणं. चमक पहिले दहा मिनिटंच खरी. होल्स्टरमध्ये तासभर राह्यलं की अंधुक, म्हणजे गरज पडन तेव्हा चार्ज नसणारच. सफाईच्या सॉल्व्हेंटनं दोन महिन्यांत कडा निघाल्या, पुन्हा लावला.

आणि एक, माशी चमकली म्हणून समोर कोण आहे हे थोडीच दिसते! बागेत मागच्या महिन्यात सळसळ झाली, माशी हिरवीगार दिसत होती, समोर काहीच नाही. टॉर्च मारला तर आमचाच गडी, मोटार बंद करायला आलेला. तेव्हापासून डाव्या हातात टॉर्च आधी.

रंगाला पाचपैकी तीन. टॉर्च बाराशेचा घेतला, त्याले पाच.