बेंगळुरूचं ऑफिस की घरातनं ऑनलाइन काम, आपल्या पोरींसाठी काय बरं?
आपल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर-निपाणीकडं शिकलेल्या पोरीला घरचे दोनच वाटा दाखवतात, एक तर पुण्या-बेंगळुरूच्या ऑफिसात जा नाहीतर घरात बसून ऑनलाइन काय ते कर, भावाला मात्र हे कोण विचारत नाही, तो बॅग भरतो नि जातो.

घरातनं करायचं तर रूमभाडं वाचतं, लेकरू डोळ्यासमोर राहतं, हे खरंच आहे. पण वडगावातली एखादी बाई व्हॉट्सॲपवर साड्या विकते आणि घरात स्मार्टफोन एकच, संध्याकाळी तो नवऱ्याकडं, गिऱ्हाईकाचा "रेट काय?" तसाच पडलेला! २०१९-२१ च्या एनएफएचएस (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य) सर्व्हेत देशात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. वर "घरीच आहेस ना" म्हणून भाकऱ्या तिनंच थापायच्या. पीएफ नाही, पगारी रजा नाही, काम थांबलं तर जाब विचारायचा कुणाला?

ऑफिसात नाईट शिफ्ट असते, पीजीचं भाडं जातं, घरनं लग्नाचा तगादा चालूच. पण पगाराची स्लिप हातात येते, पीएफ कापला जातो, आणि २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा कायद्यानं आहे, ५० किंवा जास्त माणसांचं ऑफिस असलं तर पाळणाघरपण.

मला विचाराल तर आधी ऑफिसच, दोन-तीन वर्षं तरी, मग अनुभवाच्या जोरावर घरातनं काम मागता येतं. लांब पाठवायचं नसेल तर बेळगावातच नोकरी बघा, कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं २०२३ पासून राज्यातल्या बायकांना राज्यात साध्या सरकारी बसला पैसे पडत नाहीत.