लघवी सुटण्यावरचं घरगुती मशीन आणि फिजिओथेरपी : सात महिन्यांनंतर

मशीनची वायर तुटली म्हणून हे लिहायला बसले. नाहीतर या विषयावर चारचौघांत बोलायची माझी काही छाती नव्हती. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही. ज्यांना हा त्रास आहे त्यांना मशीन कसलं ते कळेलच : मुठीत मावणारा डबा, नऊ व्होल्टची बॅटरी, एक वायर आणि योनीमार्गात घालायचा प्रोब, म्हणजे बोटाएवढी कांडी. सौम्य करंटही देतं आणि स्नायू किती आवळला ते पट्टीवर दाखवतंही. किंमत ७८०० रुपये, जेल वेगळं.

माझं वय ५१. जिल्हा परिषदेच्या शाळेवर गणित शिकवते, लातूर-औसा रोज एसटीनं. दोन बाळंतपणं, दोन्ही नॉर्मल. शिंक आली, फोडणीचा ठसका लागला, गतिरोधकावर बस आदळली की सुटायचीच. शाळेच्या बाथरूमला दार आहे, कडी नाही. म्हणून दहानंतर पाणी प्यायचं नाही आणि निघताना ‘जाऊन घेतलेलं बरं’ म्हणत तीनदा जाऊन यायचं, हा माझा शोध. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी तो मोडीत काढला. पाणी तोडलं की लघवी दाट होते आणि मूत्राशय आणखी चिडतं. आणि उगाच जात राहिलं की त्याला थोडं भरल्यावरच हाक मारायची सवय लागते.

त्यांच्याकडे जायच्या आधी स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासलं, लघवी आणि शुगर बघितली. हे टाळू नका. लघवीत रक्त असेल, जळजळ असेल, काही खाली आल्यासारखं वाटत असेल तर आधी डॉक्टर, मग बाकीचं. गरोदर असाल किंवा पेसमेकर असेल तर करंटचं मशीन मुळीच नाही.

मॅडम म्हणाल्या होत्या, “काकू, मशीनची घाई करू नका.” पण मी आदल्या आठवड्यातच ऑर्डर टाकून बसले होते.

पहिल्या तपासणीत कळलं की मी इतकी वर्षं भलतंच आवळत होते. पोट आत, कुल्ले घट्ट, श्वास कोंडलेला आणि ज्या स्नायूनं काम करायचं तो निवांत. ओटीपोटाचा तळ म्हणजे पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत ताणलेली स्नायूंची झोळी; मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्यावर टेकलेले. मॅडम म्हणाल्या, चारचौघांत वारा अडवताना जे आवळता ते आवळा आणि तसंच आत वर उचला. सोडताना पूर्ण सोडा. धार मधेच थांबवायचा व्यायाम रोज करू नका, हेही सांगितलं. मला तर मैत्रिणीनं तोच शिकवला होता.

आमच्या सकाळच्या योग मंडळात अश्विनी मुद्रा असते, म्हणजे गुदद्वार आवळायचं आणि सोडायचं, ती याच्या जवळचीच निघाली. ती चालू ठेवली. कपालभाती मात्र मॅडमनी थांबवायला लावली, कारण पोटाचा प्रत्येक झटका खालच्या झोळीवर जातो. मंडळाच्या ताई अजून माझ्यावर रुसलेल्या आहेत. वैद्यांकडचं तेल आणि कोमट पाण्यात बसणं यानं कंबर हलकी झाली, झोप लागली. लघवीत फरक नाही. पैसे फुकट गेले असं म्हणणार नाही, पण ते या खात्यातले नव्हेत.

आता मशीन. खोकताना सुटते त्यांना साधारण ५० हर्ट्झ, म्हणजे करंटचे सेकंदाला ५० झटके, आणि अचानक घाई होते, दारापर्यंत पोचेपर्यंत धीर निघत नाही, त्यांना १० हर्ट्झच्या आसपास, असे प्रोग्राम आहेत. पहिले पंधरा दिवस भारी वाटलं. पट्टी वर चढली की आपण बरोबर जागा पकडलीय हे डोळ्यांना दिसतं. एवढी एक गोष्ट पैसे वसूल.

आणि बीप! पाच सेकंद आवळा, बीप; दहा सेकंद सोडा, बीप. वीस मिनिटांत ८० वेळा, म्हणजे १६० बीप. आवाज कमी करायची सोय नाही. मी पुस्तिका दोनदा वाचली, कंपनीला फोन केला. तिकडचा मुलगा म्हणाला, “मॅडम, हे फीचर आहे.” ज्याला हे फीचर वाटतं त्यानं दोन खोल्यांच्या घरात, पत्र्याच्या दाराआड, पलीकडे सासूबाई जागी असताना हे मशीन लावून बघावं. आठवड्याला पाच दिवस, बारा आठवडे धरले तर ९६०० बीप झाले. कापूस लावला, चिकटपट्टी लावली, गोधडीत गुंडाळलं, तर वायर ताणली गेली. तुटली ती बहुधा त्यामुळेच. कंपनीला मी हे सांगितलेलं नाही.

“काय वाजायलंय गं?” सासूबाई विचारायच्या.

“मोबाईल.”

“रोज साडेनवालाच बरा वाजतोय.”

वायर नोव्हेंबरात पिनेपाशी तुटली. वॉरंटी एक वर्षाची, पण त्यांचं म्हणणं, वायर ‘कन्झ्युमेबल’ आहे. म्हणजे जेलसारखी संपणारी वस्तू! चौदा ई-मेल झाल्या. नवीन वायर ९५० रुपये, कुरिअर वेगळं. मी गंजगोलाईतल्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे नेली. कशाची विचारलं तर गुडघ्याच्या मशीनची म्हणाले. त्यानं पाच मिनिटांत डाग दिला, ४० रुपये घेतले आणि विचारलं, “माझ्या आईलाबी गुडघ्याचं घ्यायचंय, कुठं भेटतं?” मी घाईत असल्याचं सांगून निघाले.

इथवर नोव्हेंबरात लिहून ठेवलं होतं. पुढचं आता, जानेवारीत. मत थोडं बदललंय.

वायर तुटून जुळेपर्यंत बावीस दिवस मशीन बंद होतं. मला वाटलं, परत पहिल्या जागी जाणार. व्यायाम मात्र चालू होते : एका वेळी आठदा आवळायचं, दिवसातून तीनदा, एक खेप बसमध्ये, एक हजेरी घेताना, एक झोपताना. शिवाय खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं, मग खोकायचं. बावीस दिवसांत काही बिघडलं नाही, उलट थोडं पुढेच सरकलं. मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, ब्रिटनमध्ये ६०० बायकांवर मोठा अभ्यास झालाय, २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. नुसते नीट शिकवलेले व्यायाम आणि व्यायामासोबत पट्टी दाखवणारं मशीन, असे दोन गट. दोन वर्षांनी दोन्हींत फरक नाही. करंटचा उपयोग मुख्यतः ज्यांना स्नायू आवळताच येत नाही त्यांना. मग हे मला जूनमध्ये का नाही सांगितलं? तर सांगितलं होतं, ‘घाई करू नका’ म्हणून. मीच ऐकलं नाही.

या व्यायामाला ज्यांचं नाव आहे ते अमेरिकेतले डॉ. केगेल. त्यांनी १९४८ मध्ये लेख लिहिला तेव्हाही आवळ मोजायचं उपकरण वापरलं होतं. म्हणजे मशीनही नवीन नाही. फक्त बीप नवीन असावा.

मॅडमची फी एका खेपेला ४०० रुपये, मी सात खेपा गेले, म्हणजे २८००. तेवढंच लागत होतं. दर आठवड्याला पॅडचं एक पाकीट संपायचं, आता एक पाकीट दीड महिना जातं. पूर्ण बंद झालंय का? नाही. सर्दी झाली की एखादा दिवस वाईट जातो. फायदा दिसायला तीन महिने धरून चाला. पहिल्या महिन्यात मला काहीच वाटलं नव्हतं.

बीपचा एक उपयोग झाला, तोही लिहिते. डिसेंबरात एका रात्री सासूबाई दार लोटून आत आल्या. सगळं दिसलंच. मला वाटलं, आता गावभर होणार. त्या खाटेवर टेकल्या आणि म्हणाल्या, “माझं तर अंगच बाहेर येतंय, तुझ्या नवऱ्याच्या बाळंतपणापासून.” पन्नासेक वर्षं जुन्या लुगड्याची घडी लावून वावरतायत. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेतून घागरी आम्ही दोघींनी आणल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. मी म्हणाले, सांगायचं तरी. “कुणाला सांगू?” त्यांना व्यायामानं भागणार नव्हतं. डॉक्टरांनी आत रिंग बसवली, खाली येणारं गर्भाशय वर धरून ठेवणारी. तिची किंमत माझ्या जेलच्या दोन ट्यूबइतकीसुद्धा नाही. ठरावीक काळानं जाऊन धुऊन, तपासून घ्यायची. आता त्या मंदिराच्या पायऱ्या चढतात. संडासात कमोडसमोर पाट ठेवून पाय उंच घ्यायचं मॅडमनी मला शिकवलं होतं, तो पाट आता त्यांनी ताब्यात घेतलाय. कुंथणं कमी झालं तर खालचा ताणही कमी.

घ्यायचं का मशीन? एखाद्या क्लिनिकमध्ये पंधरा दिवस पट्टी बघायला मिळत असेल तर नाही. स्नायू सापडतच नसेल आणि मॅडमनी स्वतः सांगितलं असेल तर घ्या. शेजारणीला उसनं देता येत नाही, प्रोब ज्याचा त्याचा. पाचपैकी दोन तारे. बीप बंद करता आला असता तर तीन.

कंपनीनं परवा नवीन वायर पाठवली, फुकट, पंधराव्या ई-मेलनंतर. पाकीट फोडलेलं नाही. डब्यातली बॅटरी काढून सातवीच्या वर्गात विजेच्या प्रयोगाला दिली.