माल्दिनी की कानाव्हारो?

दोघेही इटलीच्या फुटबॉल संघाचे बचावपटू, दोघेही कर्णधार. पण वाटा अगदी वेगळ्या.

पाओलो माल्दिनीने १९८५ ते २००९ एकाच क्लबचा शर्ट घातला: एसी मिलान. ९०२ सामने, सात लीग विजेतेपदं, पाच युरोपियन कप (म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा). डावा बॅक (डाव्या बाजूचा बचावपटू) म्हणून नाव कमावलं आणि वय वाढल्यावर तो मधल्या बचावात सरकला. घर न बदलता भूमिका बदलली, हे मला त्याचं खरं शहाणपण वाटतं. मात्र विश्वचषक हुकला. १९९४ ची अंतिम फेरी पेनल्टींवर गेली आणि २००२ नंतर त्याने राष्ट्रीय संघ सोडला.

फाबिओ कानाव्हारो मात्र फिरस्ता. नापोली, पार्मा, इंटर, युव्हेंटस, रेआल माद्रिद. उंची जेमतेम पावणेसहा फूट, तरी हेडरला उंच स्ट्रायकरांना भारी. २००६ मध्ये विश्वचषक उचलला, त्याच वर्षी बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार. चॅम्पियन्स लीग मात्र कधीच नाही. युव्हेंटसबरोबरची दोन विजेतेपदंही मॅच-फिक्सिंग प्रकरणात क्लबकडून काढून घेतली गेली.

एका स्पर्धेसाठी निवडायचं तर कानाव्हारो. वीस वर्षांचा संघ बांधायचा असेल, तर माल्दिनी, डोळे झाकून.