कॅम्पिंगचे दिवे घेताना आधी वजन करा : माझे १९,०५० रुपये कसे गेले

लिहावं की नाही, यात तीन आठवडे गेले. सत्तावीस वर्षं सहकारी बँकेत काढली. दुसऱ्यांच्या व्हाउचरवरचा एक आकडा खोडलेला दिसला तरी मी ते परत पाठवायचे. आणि मीच कच्च्या बिलावर १५,३०० रुपयांचा माल घेतला, तोही सोसायटीतल्या अठरा घरांच्या पैशांनी. लाज वाटते. पण मला फसवणारा तो माणूस आज पुण्यात दुसऱ्या कुठल्या तरी प्रदर्शनात टेबल लावून बसला असणार, म्हणून लिहितेय.

दर डिसेंबरात आम्ही सोसायटीतल्या मुलांना एक रात्र पवनेकाठी घेऊन जातो. तुंग किल्ल्याच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या रानात तंबू टाकतो. तिथे वीज नाही. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो आणि उजाडायला सात वाजतात, म्हणजे तेरा तास अंधार. आजवर ज्याच्या त्याच्या घरच्या बॅटऱ्यांवर भागवलं. यंदा मुलं सव्वीस झाली, म्हणून प्रत्येक घरासाठी एकसारखा कंदील घ्यायचं ठरलं आणि ते काम मी अंगावर घेतलं.

कोथरूडमध्ये शनिवार-रविवारी प्रदर्शन होतं. पापड, कुर्त्या, आणि एका कोपऱ्यात ट्रेकिंगचं सामान. विकणारा बोलायला अगदी घरचा. ‘ताई, सिंहगडाला जाता का? मग हा बघा.’ खोक्यावर छापलेलं: १०,००० एमएएच (बॅटरीत वीज किती मावते ते), १,००० लुमेन (प्रकाश किती ते), ४० तास. छापील किंमत १,४९९. मी उठून लगेच अठरा नग घेतले नाहीत, हे मला ठासून सांगायचंय. मी आधी एकच घेतला, १,१०० रुपयांना. दोन रात्री गॅलरीत मंद प्रकाशावर लावून ठेवला. संध्याकाळी सातला लावलेला सकाळी दूध आणायला उठले तेव्हाही जळत होता. यापेक्षा जास्त खात्री साध्या माणसाने कशी करायची?

तिथेच तर डाव होता. नमुना खरा आणि माल खोटा. धान्यबाजारात हे शंभर वर्षं चालत आलंय, माझ्या आजोबांनी सांगितलेलं, आणि तरीही.

फोनवर सौदा ठरला. अठरा नग, प्रत्येकी ८५०. आठ हजार यूपीआयने आगाऊ, उरलेले ७,३०० माल हातात आल्यावर रोख. ‘पक्कं बिल केलं तर जीएसटी वर लागेल ताई, मुलांसाठी घेताय म्हणून सांगतो.’ मी हो म्हटलं. अठरा घरांचे पैसे वाचवायचे होते, माझ्या पदरात एक रुपयाही पडणार नव्हता. पण हो म्हटलं ते मीच. पक्कं बिल मागा. तो वर १८ टक्के म्हणाला तरी मागा.

आता तो क्षण. गुरुवारी रात्री साडेआठला तो स्कूटरवरून गेटपाशी आला. दोन पिशव्या होत्या. वॉचमन मामांनी दोन्ही एकाच हातात उचलल्या आणि म्हणाले, ‘मॅडम, रिकामी खोकी आहेत का काय?’ मामा पाचवी शिकलेले. त्यांना दोन सेकंदांत कळलं ते मला कळलं नाही. मी एक पिशवी हातात घेतली. हलकी लागली. लागली, मला नक्की आठवतंय, हाताला जाणवलं आणि मी म्हटलंसुद्धा, ‘हलके आहेत की हो.’ त्याने डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, ‘नवीन लॉट आहे ताई, ट्रेकसाठी मुद्दाम हलका केलाय.’ मी एक खोकं उघडायला घेतलं तर म्हणाला, सील तोडलं की वॉरंटी जाते. त्याची स्कूटर चालूच होती. मी पैसे मोजून दिले. शंभराच्या नोटा सरळ करून, मोजून.

वर तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघरात वजनकाटा होता. केकचं पीठ मोजते तो. नमुन्याचा कंदील ३५८ ग्रॅम, नवे २४६ ग्रॅम. ही वजनं मी नंतर केली. त्या रात्री दोन मिनिटं लागली असती आणि तो कोपऱ्यावर तरी भेटला असता. रोज रात्री मला ती पिशवी हातात जाणवते.

दुसरी खूणही समोर होती. नमुना पहिल्यांदा चार्ज व्हायला रात्र गेली होती. हे चार्जिंगला लावले तेवढे सगळे दीड तासाच्या आत हिरवा दिवा दाखवत होते. मला वाटलं, सुटलो बाई, शुक्रवारी सगळे होतील. साध्या मोबाइल चार्जरमधून तासाला हजारएक एमएएच जातात. दहा हजारांची बॅटरी दीड तासात भरतच नाही. लवकर भरली म्हणजे ती लहान आहे, एवढाच त्याचा अर्थ.

शनिवारी पावणेसातला कंदील लावले. सव्वाआठला पहिला पिवळा पडला, पावणेनऊला एकही जळत नव्हता. मुलं जेवत होती. तंबूंच्या दोऱ्या दिसेनात. एक नऊ वर्षांचा मुलगा हात धुवायला निघाला तो दोरीत अडकून खुंटीवर पडला, भुवईला तीन टाके. लोणावळ्यापर्यंत गाडी काढली. १,४५० रुपये मी दिले, त्याची आई घेऊ नका म्हणत असताना दिले. बाकीच्यांनी दोन गाड्यांचे हेडलाइट आळीपाळीने लावून रात्र काढली. पाण्याकाठी, गवतात, सव्वीस मुलं. पुढचं लिहीत नाही.

सोमवारी मी कंदील घेऊन तापकीर गल्लीत, पुण्यातल्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात गेले. तिथल्या एका वयस्कर दुकानदारांनी माझ्यासमोर दोन्ही उघडले, एक रुपया घेतला नाही. नमुन्यात तीन सेल, १८६५० म्हणतात ते, साधारण अंगठ्याएवढे जाड. माझ्या मालात एकच, बाकी दोन जागा मोकळ्या. तो एकही वजनाला २८ ग्रॅम. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणाले. मशीनवर लावला तर १,१८० एमएएच निघाला. त्या आकाराच्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या फार वर काही मावतच नाही, त्यामुळे एकाच सेलवर ९,९०० छापलेलं दिसलं की माघारी फिरा.

मग त्यांनी कागदावर हिशेब मांडला, आणि मला सगळ्यात जास्त चीड आली ती तेव्हा, कारण हा हिशेब मला येतो. दहा हजार एमएएच म्हणजे दहा अँपिअर-तास, गुणिले ३.७ व्होल्ट, झाले ३७ वॅट-तास. एलईडीला एका वॅटमध्ये साधारण शंभर लुमेन मिळतात. हजार लुमेनला दहा वॅट. चाळीस तास चालवायला ४०० वॅट-तास हवेत. खोक्याच्या एका बाजूला ३७ आणि दुसऱ्या बाजूला ४००! खोक्यावरच खोटं पकडता येत होतं. १,१८० एमएएचचे जेमतेम ४.४ वॅट-तास होतात. कंदील अडीच वॅट खात होता, म्हणजे पावणेदोन तास. आमच्या रात्रीचं वेळापत्रक त्या कागदावर होतं.

आणि हजार लुमेन लागतात कोणाला? तंबूत ३० ते ५० लुमेन भरपूर झाले, अर्ध्या वॅटचं काम आहे. स्वयंपाकाजवळ दीडशे-दोनशे. मोठ्या आकड्याला भुलू नका. कमी प्रकाशावर किती तास, ते विचारा. रात्री उठावं लागलं तर तांबडा दिवा बरा, डोळे अंधाराला सरावलेलेच राहतात. त्याच गल्लीतून मी तीन पेन्सिल सेलवर चालणारा ४० लुमेनचा साधा कंदील घेतला. रिचार्ज होणारे २,००० एमएएचचे सेल घातले. सातला लावला, सकाळी सहाला चालू होता. सेल संपले तर वाटेतल्या टपरीवर साधे मिळतात.

आता मी दुसऱ्यांदा कशी फसले तेही सांगते. त्याला फोन केला. तो चिडला नाही, उलट हळहळला. ‘ताई, लॉट खराब आला, मलाही फसवलं वरच्यांनी. बदलून देतो, फक्त दिल्लीला पाठवायचं कुरिअर १,२०० भरा.’ भरले. मला अठरा घरांना तोंड दाखवायचं होतं, म्हणून भरले. त्या संध्याकाळपासून फोन बंद आहे. पैसे परत मिळवण्यासाठी आधी पैसे मागितले की तिथेच थांबा.

यापुढे जे झालं त्याने मी फसवणुकीपेक्षा जास्त खचले. चौकीत हवालदार म्हणाले, ‘किती? पंधरा हजार? मॅडम, इथे पंधरा-पंधरा लाखांचे अर्ज पडलेत.’ अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, प्रदर्शनाची जागा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत. तिथे गेले तर, पैसे घरून पाठवलेत, माल घरी घेतलाय, तुमच्याच चौकीत जा. सायबरवाले म्हणाले, माल हातात मिळालाय, हे ऑनलाइन नाही. मग तो यूपीआय काय होता? कुरिअरच्या नावाखाली उकळलेले १,२०० काय होते? बँकेत मॅनेजर माझ्या ओळखीचे, तरी उत्तर एकच: पिन तुम्ही स्वतः टाकलात. एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, अकराव्या दिवशी मेसेज आला की तक्रार निकाली. कारण? विक्रेत्याशी संपर्क होऊ शकला नाही! त्याच्याशी संपर्क होत नाही म्हणूनच तर मी तुमच्याकडे आले होते. वजनमापाच्या कार्यालयात विचारलं, खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता नाही, हा गुन्हा ना? हो, म्हणाले, मूळ खोकी आणा. खोकी मुलांनी शेकोटीत टाकलेली. प्रदर्शनाच्या आयोजकांनी तर कमाल केली. ‘आम्ही फक्त जागा देतो.’ टेबलाचं भाडं घेतलं त्या माणसाचं नाव मला द्यायला त्यांना त्याची गोपनीयता आठवली. पाच ठिकाणी अर्ज दिले, एकाचीही पोच माझ्याकडे नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका, हे मी बँकेत लोकांना सांगायचे.

आणि सोसायटीच्या ग्रुपवर एकाने विचारलं, ‘कमिशन किती होतं?’ मी त्याच रात्री अठराही घरांना ८५० परत पाठवले. नमुना १,१००, माल १५,३००, कुरिअर १,२००, टाके १,४५०. एकूण १९,०५०, सगळे माझे.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत असते आणि २०१९च्या कायद्यानुसार आपण राहतो तिथे तक्रार करता येते. बिल न देणं हीसुद्धा त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘विकलेला माल परत घेणार नाही’ म्हणून कोणी अंगावर आलं तर ऐकून घेऊ नका. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत घ्यावा लागतो. मी विक्रेत्याबरोबर आयोजकालाही प्रतिवादी करतेय. लिथियम सेलवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, आर-ने सुरू होणारा आठ आकडी नंबर असतो, बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनी कळते. माझ्या कंदिलांवर सहाच आकडे आहेत. तेही जोडतेय.

अठरातला एक मुलाचं नाव घातलेल्या पिशवीत तसाच राहिला होता, खोक्यासकट, सील न तोडलेला. ते घरच ऐन वेळी आलं नाही. परवा त्यांनी आणून दिला. तो मी कपाटात कुलपात ठेवलाय, काट्यावर ठेवून फोटो काढलाय. कोथरूडच्या त्या प्रदर्शनातून तुम्हीही हेच कंदील घेतले असतील तर फेकू नका, उघडू नका, खोकं जपा आणि मला कळवा. तक्रार एकत्र करता येते, आणि आयोजकाला एकटीच्या कागदाने काही फरक पडलेला नाही.