विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील: घटस्फोट आणि मुलाच्या ताब्याच्या केसमध्ये आम्हाला आलेला अनुभव

सरळ सांगते, ५ पैकी ४ स्टार, आणि ते ४ मनापासून. माझ्या धाकट्या बहिणीची घटस्फोट, पोटगी आणि मुलाचा ताबा अशी तिन्हीची केस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने दिलेल्या वकीलबाई चालवतायत, एक रुपया फी न घेता. जिल्हा, कोर्ट, वकीलबाई, कुणाचंच नाव लिहीत नाही, कारण हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे असल्या केसमधला मजकूर छापायला मनाई आहे आणि यात एक लहान लेकरू आहे, उद्या मोठं होऊन त्याने आईबापाचं भांडण नेटवर वाचायला नको. पश्चिम महाराष्ट्रातला एक जिल्हा एवढंच समजा.

आधी प्रायव्हेट वकील केलेले. ओळखीतून गेलो, फी ठरली, अर्धी आधी दिली आणि त्यांनी नुसती घटस्फोटाची पिटीशन टाकून दिली. अंतरिम पोटगीचा, म्हणजे केस चालू असेपर्यंतच्या पोटगीचा अर्ज नाही, ताब्याचा अर्ज नाही, विचारलं की "करू की, घाई काय आहे". फोन ज्युनिअर उचलणार, तारीख आदल्या दिवशी संध्याकाळी कळणार, मग बहीण बिचारी सुपरवायझरकडे रजा कशी मागू या टेन्शनमध्ये. इकडे पोरगं चार पूर्ण होऊन पाचव्यात, त्याची शाळेची फी, दम्याचा पंप, रिक्षा, सगळं तिच्या पगारात बसेना म्हणून आमच्या बाबांच्या पेन्शनमधून चाललेलं. आणि सासरकडून दोन दिवसाआड मेसेज, पोराला शाळेतूनच उचलून नेऊ, बघू कोण अडवतंय. बहीण रोज शाळा सुटायच्या अर्धा तास आधी गेटवर जाऊन उभी राहायची. त्या वकिलाला हे सगळं सांगूनही अर्ज टाकावासा वाटला नाही याचा मला आजही राग येतो.

मोफत वकिलाचं बहिणीच्या कंपनीतल्या एका मावशींनी सांगितलं. घरात सगळ्यांची पहिली रिॲक्शन हीच की फुकटचा वकील काय दिवे लावणार, आणि दुसरी की आपण काय दारिद्र्यरेषेखाली आहोत का, आपल्याला कोण देणार. तर हे नीट वाचा, कारण कितीतरी बायका इथेच मागे फिरतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये स्पष्ट लिहिलंय की महिला आणि मुलांना मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. नोकरी असो नसो, नवऱ्याचा बंगला असो, माहेर श्रीमंत असो, बाई म्हणून तुमचा हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कोठडीतले लोक यांनाही तसंच.

ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतं, जिल्ह्याच्या ठिकाणी प्राधिकरण आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. आम्ही गेलो तर खिडकीवर पहिल्यांदा उत्पन्नाचा दाखला मागितला, तहसीलमधून घेऊन या म्हणे. बहिणीचा चेहराच पडला, परत एक रजा. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर एक पॅरा लीगल व्हॉलंटियर, म्हणजे प्राधिकरणाच्या स्वयंसेवक बाई बसलेल्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "अहो बाईमाणसाला दाखला कशाला, आधार घ्या आणि अर्ज घ्या त्यांचा." झालं. आधारची झेरॉक्स, लग्नाचं सर्टिफिकेट, मुलाचा जन्मदाखला, आधीच्या केसचा नंबर, आणि एका पानावर स्वतःच्या शब्दात काय झालं ते. प्राधिकरणाचे सचिव स्वतः न्यायाधीश असतात हे मला तोवर माहीतच नव्हतं, त्यांनी बहिणीला आत बोलवून शांतपणे सगळं ऐकून घेतलं. दोनेक आठवड्यात पॅनेलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या वकीलबाईंचं नाव असलेलं पत्र हातात आलं.

मधे एक अडथळा, आधीच्या वकिलांची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फाईल. ते म्हणाले उरलेली फी द्या मग फाईल न्या. आम्ही मुकाट दिलीही असती, पण वकीलबाईंनी सांगितलं की फीसाठी पक्षकाराची फाईल अडवून ठेवायचा वकिलाला अधिकार नाही, सुप्रीम कोर्टाने २००० सालीच आर. डी. सक्सेना केसमध्ये हे ठरवलंय. एवढं वाक्य नम्रपणे बोलल्यावर दुसऱ्या दिवशी फाईल मिळाली.

आता वकीलबाईंबद्दल. वय असेल पस्तिशीचं, बार रूमच्या बाहेरच्या बाकावरच पहिली मीटिंग, केबिन वगैरे काही नाही. बहीण नवऱ्याने काय काय केलं ते सांगत सुटली, रडायला लागली, बाईंनी पाणी दिलं, सगळं ऐकलं आणि मग म्हणाल्या, "ताई, घटस्फोट कुठं पळून चाललाय? आधी बाळाचं बघू." मला तिथेच बरं वाटलं. ५ वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असतो, १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यात तसं आहे, पण त्यांनी लगेच हेही सांगितलं की ‘साधारणपणे’ म्हणजे गॅरंटी नाही, कोर्ट शेवटी मुलाचं हित बघतं, आणि पाच पूर्ण झाल्यावर मूल आपोआप बापाकडे जातं ही पण अफवाच आहे. तरी पाच व्हायच्या आत अर्ज पडला पाहिजे म्हणून त्या आठवड्यातच अंतरिम ताब्याचा अर्ज, आणि त्यात कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलाला कुठे नेऊ नये अशी मागणी. ती ऑर्डर झाली त्या दिवसापासून बहीण शाळेच्या गेटवर वेळेवर जायला लागली, अर्धा तास आधी नाही. या एका गोष्टीसाठी मी कितीही स्टार द्यायला तयार आहे.

नंतर पोटगी. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून नवरा-बायको दोघांनाही मालमत्ता, उत्पन्न आणि खर्चाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्ज केल्या तारखेपासून द्यायची असंही त्यात ठरलंय. म्हणून अर्ज उशिरा म्हणजे पैसे बुडाले, कळलं ना आधीच्या वकिलाने काय नुकसान केलं ते. बहिणीने खर्चाच्या रकान्यात अंदाजे एक गोल आकडा लिहून आणलेला. बाईंनी तो खोडला. म्हणाल्या दूध किती, रिक्षावाले काका किती घेतात, पंप किती दिवसाला संपतो, मेडिकलची पावती आहे का, गॅदरिंगच्या ड्रेसला किती दिले. बहिणीच्या पर्समधून चुरगळलेल्या पावत्या निघत गेल्या, बाई त्या बाकावर हाताने सरळ करून एकेक मांडत गेल्या आणि शेवटी जो आकडा आला तो बहिणीच्या अंदाजाच्या जवळपास दीडपट होता. समोरच्या वकिलाने उलटतपासणीसारखे प्रश्न विचारले तेव्हा प्रत्येक ओळीला कागद होता. अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून ६० दिवसात निकाली काढावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तसं होत नाही, आमचंही त्याहून बरंच लांबलं, पण मिळाली आणि अर्जाच्या तारखेपासून मिळाली. आणि बायकांना घटस्फोट-पोटगीच्या केसमध्ये महाराष्ट्रात कोर्ट फी माफ आहे, कुणी त्या नावाखाली पैसे मागितले तर देऊ नका.

मुलाच्या भेटीबद्दल थोडं लिहिते. बहीण म्हणत होती बापाला तोंडसुद्धा दाखवणार नाही. तिचा राग खरा होता. पण वकीलबाई ठाम, "भेटू द्यायचं. वार आणि वेळ आपण मागून घ्यायची. नाही म्हणालात तर कोर्टापुढं आपलीच बाजू पडती, आणि पोराला बाप लागतोच की ओ." म्हणून फॅमिली कोर्टातल्या मुलांच्या खोलीत शनिवारच्या भेटी ठरल्या. खोली म्हणजे भिंतीवर कार्टूनची चित्रं, एक प्लास्टिकची घसरगुंडी आणि खोकाभर खेळणी. पहिल्या भेटीला पोरगं माझी ओढणी सोडेना, त्याचा बाप समोर कुरकुरेचं पाकीट हातात धरून नुसता बसलेला, काय बोलावं त्याला सुचेना. समुपदेशक बाईंनी खोक्यातून एक ट्रक काढला, त्याला एक चाक नव्हतं, आणि तो दोघांच्या मधे जमिनीवर ठेवला. बाप खाली बसला आणि चाक शोधायला लागला, मग पोरगंही खोक्यात हात घालून शोधायला लागलं. काही भेटींनंतर ते स्वतःच आत पळायला लागलं. मला जावयाबद्दल काही प्रेम उरलेलं नाही, पण हे चांगलं झालं, आणि आमच्या जुन्या वकिलांच्या पद्धतीने गेलो असतो तर हे झालं नसतं.

आता कापलेला एक स्टार. पॅनेलच्या वकिलांना मानधन कमी आणि केसेस भरपूर, त्यामुळे एकाच दिवशी आमच्या बाई दोन कोर्टात, पुकारा झाला की आपणच पळत जाऊन त्यांना शोधायचं. एकदा पुकारा झाला तेव्हा त्या दुसऱ्या मजल्यावर होत्या आणि पुढची तारीख पडली, बहिणीची रजा वाया गेली. ऑफिसमध्ये खिडकीवरच्या माणसालाच जर उत्पन्नाची अट नीट माहीत नसेल तर एकटी आलेली, कमी शिकलेली बाई परत जाणारच, हे सुधारलंच पाहिजे. आणि सगळे पॅनेल वकील असे असतात असंही नाही, काही अगदी नवीन असतात. पटलं नाही तर सचिवांकडे लेखी अर्ज करून वकील बदलून मागता येतो, आणि पॅनेलचा वकील पक्षकाराकडून फी घेऊच शकत नाही, मागितली तर तीही तक्रार तिथेच करायची.

तारखांसाठी वकिलावर अवलंबून राहू नका. ई-कोर्ट्सचं ॲप मोबाईलमध्ये टाका, केसचा १६ अक्षरी सीएनआर नंबर घाला, पुढची तारीख आणि ऑर्डर दिसते. बहिणीला आता तारीख आमच्या आधी माहीत असते.

ज्यांचं दोघांच्या संमतीने होतंय त्यांना एक सांगते. इन्स्टावर ‘महिन्यात घटस्फोट’ वाल्या जाहिराती फिरतात त्यांच्या नादी लागू नका, वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमानेच बंदी आहे. म्युच्युअलमध्ये आधी किमान १ वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग ६ महिन्यांचा थांबण्याचा काळ, तो सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालानंतर काही केसेसमध्ये माफ होतो, पण दीड वर्षाहून जास्त वेगळे राहताय, पोटगी-ताबा सगळं मिटलंय, समेटाचे प्रयत्न संपलेत, असं असेल तर, आणि तेही न्यायाधीश ठरवणार, एजंट नाही. आणि नोटरीसमोर स्टॅम्प पेपरवर लिहिलेली फारकत म्हणजे कोर्टाचा घटस्फोट नव्हे. आमच्या गल्लीतल्या एका मुलीने त्यावर विश्वास ठेवून दुसरं लग्न ठरवलं होतं, वेळेत कुणीतरी सांगितलं म्हणून वाचली.

अजून एक, बायकोला आपण राहतो तिथल्या कोर्टात घटस्फोटाची केस टाकता येते, २००३ पासून. नवऱ्याच्या गावाला तारखांना जायची गरज नाही. माहेरी आलेल्या कितीतरी मुली निव्वळ एसटीच्या तिकिटाला घाबरून गप्प बसतात. आणि मंजूर झालेली पोटगी थकली तर गप्प बसू नका, ती पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) १४४ खाली असेल तर वसुलीचा अर्ज रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत टाकावा लागतो.

पुरुषांसाठी पण ही सेवा आहे बरं का, फक्त वर सांगितलेल्या गटांत न बसणाऱ्या पुरुषांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असावं लागतं. मुलाला भेटायला न मिळणारा एखादा बाप हे वाचत असेल तर त्यानेही जावं. ऑफिस सापडत नसेल तर १५१०० ला फोन लावा, तो नालसाचा, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा हेल्पलाईन नंबर आहे.

आमच्या घटस्फोटाच्या मेन पिटीशनमध्ये अजून पुरावा चालू आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत मुलाने चार दिवस बापाकडे राहायचं का यावर अर्ज पडलाय. बहिणीने यावेळी स्वतःच हो म्हटलंय, रात्रीचा पंप कसा द्यायचा ते नवऱ्याला लिहून देणार आहे. ऑर्डर झाली की इथेच खाली अपडेट टाकते.