रेणूंची निवड हातात धरून दाखवणारा मॉडेल संच

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानातून आणलेला हा गोळे-नळ्यांचा (गोळे म्हणजे अणू, नळ्या म्हणजे बंध) संच पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर वापरला. विषय होता सेल्फ-सॉर्टिंग, म्हणजे मिश्रणातील सारख्या दिसणाऱ्या रेणूंनी आपापले जोडीदार नेमके निवडणे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झां-मारी लेन यांच्या गटाने 1993 मध्ये दाखवले होते की, कमी-अधिक बायपिरिडीन एकके (दोन नायट्रोजन अणूंनी धातूला धरणारे भाग) असलेल्या साखळ्या तांब्याच्या आयनांसह एकत्र ठेवल्या, तरी समान लांबीच्या दोन साखळ्याच एकमेकींभोवती गुंफल्या जाऊन दुहेरी सर्पिले, म्हणजे पिळाच्या आकाराच्या रचना, तयार होतात.

संचातील चार छिद्रांचा गोळा एकसंयुजी तांब्यासाठी (Cu⁺ आयन) अगदी योग्य ठरतो, कारण या आयनाभोवतीचे चार बंधही तसेच चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे रोखलेले असतात. दोन एककांची साखळी तीन एककांच्या साखळीशी जोडली की एका टोकाला नायट्रोजनचे दोन निळे गोळे तांब्याशी न जुळता उघडे राहतात, आणि मिश्र जोडी ऊर्जेच्या दृष्टीने का मागे पडते हे पाहताक्षणी पटते. फळ्यावरच्या आकृतीतून हे इतके स्पष्ट होत नाही.

उणीव मात्र मूलभूत आहे. खऱ्या द्रावणात बंध सतत तुटतात व पुन्हा जुळतात, म्हणूनच चुकीच्या जोड्या दुरुस्त होतात. येथील ताठ नळ्या मात्र एकदा बसल्या की सहज सुटत नाहीत. हायड्रोजन बंधांसाठी, म्हणजे रेणूंमधल्या तुलनेने कमजोर आकर्षणासाठी, वेगळे जोड दिलेले नाहीत, हेही खटकते. तरीही धातू-आधारित रचना शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी हा संच अवश्य घ्यावा, फक्त चार छिद्रांचे गोळे जास्तीचे मागून घ्यावेत.