सोलापूरचं पाणी आणि दोन टप्प्यांचा कार्बन फिल्टर: आठ महिन्यांनंतर

दहा इंची दोन हाउसिंग, म्हणजे फिल्टरची भांडी. पहिल्यात गाळ अडवणारं 5 मायक्रॉनचं पीपी (पॉलिप्रॉपिलीन) कार्ट्रिज, दुसऱ्यात कार्बन ब्लॉक. पाण्याला येणारा क्लोरिनचा वास पहिल्याच दिवशी गेला. वास गेला म्हणजे सगळंच गेलं असं वाटतं, फसगत होते ती इथेच.

सोलापूरला पाणी देणाऱ्या उजनी धरणात पुणे-पिंपरीकडचं सांडपाणी येतं, शेवाळ तर असतंच. त्यातल्या सेंद्रिय घटकांशी क्लोरिनची गाठ पडली की क्लोरोफॉर्मसारखी ट्रायहॅलोमिथेन तयार होतात. नळ रोज सुटत नसल्याने पाणी टाकीत साठतं आणि क्लोरिन शिल्लक असेपर्यंत हे तिथेही चालू राहतं. म्हणून फिल्टर स्वयंपाकघरातल्या नळालाच लावायचा. टाकीच्या आधी लावला तर क्लोरिन निघून जातो आणि साठवलेलं पाणी उघडं पडतं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला 0.2 मिलिग्रॅम आहे. अमेरिकेत चारही ट्रायहॅलोमिथेन मिळून 0.08. वर्षानुवर्षं जास्त प्रमाण पोटात गेल्यास मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध अभ्यासांत दिसतो. पण म्हणून क्लोरिनच नको म्हणणं वेडेपणा. गॅस्ट्रो आठवड्यात आडवं करतो.

कार्बन क्लोरिनला बराच काळ पुरतो, क्लोरोफॉर्मला मात्र त्याच्या कितीतरी आधी संपतो. ओटीओचे (क्लोरिन तपासायच्या रसायनाचे) थेंब टाकून पाणी पिवळं झालं नाही, तर क्लोरिन गेला एवढंच कळतं. म्हणून बदलायची तारीख लिटरवर ठरवा. या ब्लॉकवर व्हीओसीसाठी, म्हणजे क्लोरोफॉर्मसारख्या उडून जाणाऱ्या सेंद्रिय रसायनांसाठी, 1,900 लिटर छापलंय. रोज 12 लिटर धरले तर पाच महिने. नुसतं 'वास व चव' लिहिलेला स्वस्त ब्लॉक या कामाचा नाही.

तक्रार धारेची. टाकी नळापेक्षा तीन मीटर उंच असेल तर दाब जेमतेम 0.3 बार मिळतो, त्यात पावसाळ्यात पीपी चॉकलेटी होऊन धार करंगळीएवढी उरते. पीपी दीड-दोन महिन्यांनी बदलावं लागलं. ओ-रिंगला फूडग्रेड सिलिकॉन ग्रीसच लावा. खोबरेल किंवा व्हॅसलिनने रबर फुगतं आणि हाउसिंग ठिबकतं. नव्या ब्लॉकचं पहिलं काळं पाणी, दहा-पंधरा लिटर, झाडांना.

गावाला जाऊन आल्यावर पाच मिनिटं नळ सोडून द्या. आत क्लोरिन नसल्याने ब्लॉकमध्ये जिवाणू वाढतात. फार दिवस बंद असेल तर कार्ट्रिजच बदललेलं बरं.

उकळायचंच असेल तर झाकण काढून, खिडकी उघडी ठेवून. क्लोरोफॉर्म वाफेबरोबर उडतो. क्लोरिनमुळेच तयार होणारी हॅलोअॅसेटिक आम्लं मात्र उडत नाहीत. पाणी आटलं की उलट दाट होतात.